सही कोणाची, जबाबदारी कोणाची

२३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला मोठे तडे गेले. खालच्या मजल्यांवर दुकाने आणि एका बँकेची शाखा होती, वरच्या मजल्यांवर तयार कपड्यांचे पाच कारखाने. पाहणीसाठी आलेल्या अभियंत्याने इमारत धोकादायक असल्याचे सांगितले आणि त्या दिवशी माणसांना बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या दिवशी बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरीच राहायला सांगितले, दुकानेही बंद राहिली. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. आत जायला कचरणाऱ्यांना पगार कापण्याची धमकी देण्यात आली. महिनाअखेर जवळ आली होती आणि महिन्याचा पगार बुडणे त्यांच्यापैकी कोणालाच परवडणारे नव्हते. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे अवजड जनरेटर सुरू झाले आणि नऊच्या सुमारास सगळी इमारत खाली बसली. ११३४ माणसे मेली. अडीच हजारांच्या आसपास माणसे जिवंत बाहेर काढली गेली. त्यांतल्या काहींचे हात किंवा पाय ढिगाऱ्याखालून सोडवण्यासाठी जागेवरच कापावे लागले.

इमारत एक, तडे तेच, अभियंत्याचा इशाराही तोच. तरी बँकेतला कारकून घरी राहू शकला आणि मशीनवरची बाई राहू शकली नाही. परदेशी बाजारासाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या न्याय-अन्यायाचा विचार करताना मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि या संग्रहातले लेख वाचण्याआधी वाचकाने तो मनाशी धरावा अशी माझी इच्छा आहे. धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. कमी होती ती ‘मी आत जाणार नाही’ असे म्हणून नोकरी आणि पगार दोन्ही टिकवण्याच्या ताकदीची. ती ताकद कामगाराला का नसते, मालक तिला आत ढकलायला इतका उतावीळ का असतो आणि हजारो मैल दूर बसलेला खरेदीदार या सगळ्यात कुठे असतो, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माझे म्हणणे असे की खरेदीदार कंपन्यांचा चांगुलपणा, त्यांच्या आचारसंहिता किंवा ग्राहकांची हळहळ यांतून कामगाराला संरक्षण मिळालेले नाही. जिथे ते मिळाले तिथे खरेदीदाराला कायद्याने बांधून घेणारा कागद होता आणि त्या कागदावर कामगारांच्या बाजूचीही सही होती. बांगलादेशचा गेल्या दोन दशकांचा इतिहास याचा इतका स्पष्ट पुरावा देतो की दुसरीकडे पाहण्याची फारशी गरज पडू नये.

हा उद्योग बांगलादेशात आला तो कापसाच्या किंवा कापडाच्या जोरावर नव्हे. १९७४ पासून श्रीमंत देशांनी आपापल्या बाजारात कोणत्या देशातून किती कपडे येऊ द्यायचे याचे कोटे ठरवले होते. ज्या देशांचे कोटे भरत आले, तिथल्या कंपन्या कोटा शिल्लक असलेले देश शोधू लागल्या. १९७९ मध्ये दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी हातमिळवणी केली आणि शंभरावर तरुण-तरुणींना शिलाईचे व व्यवस्थापनाचे काम शिकण्यासाठी कोरियाला नेले. त्यांतल्या अनेकांनी परत येऊन पुढे आपापले कारखाने काढले. २००५ च्या सुरुवातीला कोटापद्धत पूर्णपणे संपली तेव्हा चीनपुढे बांगलादेश टिकणार नाही असे भाकीत पुष्कळांनी केले होते. तो टिकला, वाढला आणि जगातला कपड्यांचा एक सर्वांत मोठा निर्यातदार झाला. आज या उद्योगात सुमारे ४० लाख माणसे आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया, आणि देशाच्या निर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या तयार कपड्यांचा आहे. पण कोटा गेल्यावर टिकण्याचे मुख्य साधन स्वस्ताई हेच उरले. किमान वेतन १९९४ मध्ये महिना ९३० टका ठरले होते, ते २००६ पर्यंत बारा वर्षे तिथेच राहिले. इमारतींचीही तीच गत. निवासी किंवा बाजारासाठी बांधलेल्या इमारतींत मशीनच्या रांगा बसवल्या गेल्या, मजल्यांवर मजले चढले. राणा प्लाझा भर घातलेल्या तळ्याच्या जमिनीवर उभी होती आणि तिचे वरचे मजले रीतसर परवानगीविना चढवले होते.

या कारखान्यांत शिवलेल्या कपड्यावर ज्या कंपनीचे नाव लागते तिच्या मालकीचे तिथे काहीच नसते. इमारत, मशीन, कामगार सगळे स्थानिक मालकाचे. कंपनी डिझाइन देते, भाव ठरवते, तारीख ठरवते आणि कारखान्यांकारखान्यांत ऑर्डर वाटते. तारीख चुकली तर भावात कपात होते, नाहीतर जहाजाऐवजी विमानाने माल पाठवण्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो. त्या खर्चात एका ऑर्डरचा नफा सहज बुडतो. म्हणून टार्गेट वाढते, ओव्हरटाइम रात्रीपर्यंत लांबतो, आवाक्याबाहेरचे काम गुपचूप लहान कारखान्याला सबकॉन्ट्रॅक्टवर जाते, आणि तडे गेलेल्या इमारतीतही मशीन बंद ठेवण्याची मालकाची तयारी नसते. यातून मालक निर्दोष ठरत नाही. राणा प्लाझाचा मालक सोहेल राणा भारताच्या सीमेजवळ बेनापोल इथे पकडला गेला, त्याच्यावर खुनाचा खटला भरला गेला आणि तो वर्षानुवर्षे रेंगाळला, हे संतापजनक आहे. पण केवळ त्याला खलनायक ठरवून थांबलो तर पुढच्या इमारतीचे काय, याला उत्तर मिळत नाही. अशा इमारती एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पडल्या आणि जळल्या. सावरच्याच परिसरात २००५ च्या एप्रिलमध्ये स्पेक्ट्रम कारखान्याची इमारत कोसळून ६४ जण मेले होते. राणा प्लाझाच्या पाच महिने आधी, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, आशुलियातल्या ताजरीन फॅशन्समध्ये लागलेल्या आगीत शंभराहून अधिक कामगार गेले. तिथे आगीची घंटा वाजल्यावरही लोकांना मशीनवर परत बसवण्यात आले होते. खिडक्यांना गज होते आणि सुटकेचे दार बंद होते.

या काळात खरेदीदार कंपन्या काहीच करत नव्हत्या असे कोणी म्हणू नये. नव्वदच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात या कारखान्यांविरुद्ध मोठा गदारोळ झाल्यानंतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने आचारसंहिता लिहून काढली आणि कारखान्यांची तपासणी सुरू केली. त्यातून ऑडिट हा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. त्याचे फळ काय, ते पाहा. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेसला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले, आणि त्या कारखान्याला कामगार-कल्याणाचे एक नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अवघ्या काही आठवड्यांपूर्वी मिळाले होते. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांचीही कंपन्यांच्या पद्धतीने तपासणी झालेली होती. तपासनिसांचा बचाव असा की इमारतीची मजबुती पाहणे आमच्या कामात येत नव्हते. तो बचाव कागदोपत्री खरा आहे आणि म्हणूनच तो या पद्धतीवरचा सर्वांत मोठा आरोप आहे. ज्या तपासणीत हजेरीपट आणि प्रथमोपचाराची पेटी पाहिली जाते पण छत डोक्यावर पडेल का हे पाहिले जात नाही, ती तपासणी कामगारासाठी केलेली नसते. तिचा खर्च कारखानदार किंवा कंपनी देते. अहवाल गुप्त राहतो, म्हणजे ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्यालाच तो वाचता येत नाही. दोष सापडला तरी तो दुरुस्त होईपर्यंत पैसे देण्याचे किंवा ऑर्डर टिकवण्याचे बंधन कंपनीवर नसते. तिला फक्त आपले नाव सांभाळायचे असते, आणि त्यासाठी प्रमाणपत्र पुरते. मी ऑडिट करणाऱ्या प्रत्येकाच्या हेतूवर शंका घेत नाही. परंतु जो अहवाल कोणालाच काही करायला भाग पाडू शकत नाही, त्याच्या भरवशावर लाखो माणसांना त्या मजल्यांवर बसवणे हा गंभीर अपराध होता असेच माझे मत आहे.

मे २०१३ मध्ये जे घडले ते म्हणूनच वेगळे आहे. बांगलादेशातल्या आग व इमारत सुरक्षेसाठीचा करार, जो सर्वत्र ‘अ‍ॅकॉर्ड’ म्हणून ओळखला जातो, तो इंडस्ट्रीऑल आणि युनी या दोन जागतिक कामगार महासंघांनी, बांगलादेशी संघटनांना बरोबर घेऊन, खरेदीदार कंपन्यांशी केला. अशा कराराची मांडणी कामगार संघटनांनी राणा प्लाझाच्या आधीच केली होती, पण तेव्हा सह्या करणारे जवळपास मिळाले नव्हते. अकराशे प्रेते निघाल्यानंतर काही आठवड्यांत ते मिळाले आणि पुढे सह्या करणाऱ्या कंपन्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. कारभारी समितीत कंपन्या आणि संघटना यांना समान जागा होत्या, अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे होते. सोळाशेहून अधिक कारखाने आणि वीस लाखांवर कामगार त्याच्या कक्षेत आले. स्वतंत्र अभियंत्यांनी इमारत, वीज आणि आग या तिन्ही अंगांनी तपासणी करायची, अहवाल जाहीर करायचा आणि दुरुस्तीची मुदत ठरवायची अशी पद्धत होती. दुरुस्ती नाकारणाऱ्या कारखान्याशी सर्व सदस्य कंपन्यांनी व्यवहार तोडायचा. पण उलट बाजूनेही बंधन होते: दुरुस्ती परवडेल अशा अटींवर व्यवहार करणे कंपनीला भाग होते आणि धोकादायक जागेत काम करायला नकार देण्याचा कामगाराचा हक्क तिने मान्य केला होता. राणा प्लाझाच्या दारात उभ्या असलेल्या बाईला त्या सकाळी नेमका हाच हक्क हवा होता. कंपनीने शब्द मोडला तर लवादाकडे जाता येत होते, आणि ही अट शोभेची नव्हती. संघटनांनी २०१६ मध्ये दोन कंपन्यांविरुद्ध हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे दावे नेले. दोन्ही तडजोडीने मिटले, त्यांतल्या एका कंपनीने २०१८ च्या जानेवारीत सुमारे २३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. ढाक्यातल्या शिलाई कामगारांच्या सुरक्षेसाठी एका जागतिक कंपनीला लवादापुढे उभे राहावे लागते ही गोष्ट त्याआधी दहा वर्षे कोणाला खरी वाटली नसती.

या करारामुळे कुलूप लागणारी दारे निघाली, आगीपासून सुरक्षित जिने बांधले गेले, खांबांना आधार दिले गेले, आणि काही इमारती तातडीने रिकाम्या करण्यात आल्या. त्याचा परिणाम मोजण्याचा एक खडतर मार्ग म्हणजे कराराच्या कक्षेबाहेर काय घडले ते पाहणे. ३ जुलै २०१७ रोजी गाझीपूरच्या मल्टिफॅब्ज कारखान्यात बॉयलर फुटून किमान १३ माणसे मेली. हा कारखाना कराराखाली होता, पण बॉयलरची तपासणी करारात नव्हती. पुढे ती घेण्यात आली. ८ जुलै २०२१ रोजी नारायणगंज जिल्ह्यातल्या रूपगंज इथे सरबते आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. एका मजल्याचे दार बंद होते, पन्नासहून अधिक माणसे जळाली आणि त्यांत अल्पवयीन मुले होती. देश तोच, कायदा तोच, सरकारी निरीक्षक तेच. फरक एवढाच की तिथे माल घेणाऱ्या कोणाचीही सही कुठल्या कराराखाली नव्हती. राणा प्लाझानंतर वॉलमार्ट, गॅप वगैरे अमेरिकी कंपन्यांनी आपली वेगळी ‘अलायन्स’ काढली, तिनेही पुष्कळ दुरुस्त्या करवून घेतल्या हे मान्य करायला हवे. पण तिच्या कारभारात संघटनांना बरोबरीचा हात नव्हता, आणि अ‍ॅकॉर्ड शेजारी नसता तर तिने किती केले असते याची मला शंका आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राच्या बाजूने येतो आणि तो गंभीरपणे ऐकण्यासारखा आहे. कारखाना वाईट असेल, पण त्याआधीचे आयुष्य अधिक वाईट होते, असे तो सांगतो. फार दबाव टाकाल तर धंदा दुसऱ्या देशात जाईल आणि खेड्यातून आलेली मुलगी पुन्हा मोलकरीण होईल. यातला पहिला भाग खराच आहे. नैला कबीर यांनी ढाक्यातल्या कामगार स्त्रियांशी बोलून लिहिलेले पुस्तक २००० मध्ये आले. स्वतःचा पगार हाती आल्याने घरात त्यांचा शब्द कसा चालू लागला हे त्यात दिसते. रेचल हीथ आणि मुश्फिक मोबारक यांच्या अभ्यासात असे आढळले की कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुलींची लग्ने लांबली आणि त्यांचे शिक्षण वाढले. हे फायदे कमी लेखणारा माणूस या स्त्रियांचा हितचिंतक नाही. पण यातला एकही फायदा कुलूप लावलेल्या दारातून येत नाही. तो पगारातून येतो, घराबाहेर पडण्यातून येतो, आणि दार उघडे ठेवले म्हणून तो नाहीसा होत नाही. धंदा पळून जाईल ही भीती तर २०१३ नंतर प्रत्यक्षात तपासून झाली आहे. त्या वर्षीपर्यंत बांगलादेशची कपड्यांची वार्षिक निर्यात साडेएकवीस अब्ज डॉलरच्या आसपास होती. अ‍ॅकॉर्डची पहिली पाच वर्षे संपली तेव्हा ती तीस अब्जांच्या पुढे गेली होती. जगातला सर्वांत कडक सुरक्षा करार ज्या देशात लागू झाला, त्याच देशाची निर्यात चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली. ही वाढ करारामुळेच झाली असा माझा दावा नाही. करारामुळे धंदा बुडतो हा दावा मात्र यापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप ढाक्यातले कारखानदार आणि काही राजकीय नेते घेत आले आहेत: हे गोऱ्या देशांचे ढोंग आहे, कामगारांच्या नावाने आमचा धंदा रोखण्याचा डाव आहे. मराठी वाचकाने या आक्षेपाशी थोडे थांबावे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. एके काळी मुंबई हीच लँकेशायरच्या दृष्टीने ‘परदेशातला स्वस्त कारखाना’ होती. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चालते, लहान मुले राबतात, ही तक्रार मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी लंडनमध्ये लावून धरली. त्यांना मुंबईच्या मुलांचा कळवळा होता असे मानण्याचे कारण नाही, स्पर्धा नको होती. त्या दबावातून १८७५ चे फॅक्टरी कमिशन आणि १८८१ चा पहिला, अगदी तोकडा, फॅक्टरी कायदा आला. मुंबईतल्या गिरणीमालकांनी त्याला विरोध केला आणि राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांनीही केला: हा परक्यांचा डाव आहे, आपल्या उगवत्या उद्योगाचा गळा घोटू नका. डाव होताही. पण महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यामुळे गप्प बसण्याचे नाकारले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज नव्या फॅक्टरी कमिशनपुढे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, अशा त्यातल्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. मँचेस्टरचा हेतू काहीही असला तरी ती सुट्टी परळच्या कामगाराची होती, त्यानेच ती मागितली होती. आज ढाक्यातली संघटना जे मागते त्याला वॉशिंग्टनमधल्या एखाद्या खासदाराचा स्वार्थी पाठिंबा मिळाला, म्हणून ती मागणी परकी होत नाही. मागणी कोणाची आहे हे पाहावे, आणि ज्या करारावर स्थानिक कामगारांची सही आहे तिथे हा प्रश्न उरत नाही.

ती सही नसेल तर बाहेरचा कळवळा केवढे नुकसान करू शकतो हेही बांगलादेशाने सोसले आहे. बालकामगारांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ देऊ नये असे विधेयक सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये मांडले. ते मंजूर झाले नाही, पण त्याच्या नुसत्या धास्तीने मालकांनी हजारो मुलांना एका फटक्यात काढून टाकले. युनिसेफने हा आकडा पन्नास हजारांच्या घरात असल्याचे म्हटले होते. बरीच मुले शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या अधिक कष्टाच्या आणि धोक्याच्या कामांकडे गेली. १९९५ मध्ये युनिसेफ, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मालकांची संघटना यांच्यात समझोता होऊन शाळा व विद्यावेतनाची सोय झाली, तेव्हा कुठे तो घाव थोडा भरला. म्हणून बहिष्काराच्या हाकेकडे मी साशंकतेने पाहतो. बांगलादेशी शर्ट न घेण्याने ग्राहकाचे मन हलके होत असेल, पण ऑर्डर गेली की पहिला फटका मशीनवरच्या बाईला बसतो. तिच्या संघटनेनेच बहिष्काराची हाक दिली असेल तर गोष्ट वेगळी.

उरला आक्षेप असा की हे सगळे बांगलादेश सरकारचे काम आहे, परक्या कंपन्यांचे आणि संघटनांचे नव्हे. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण तिथले वास्तव असे की कारखानदार मोठ्या संख्येने संसदेत बसत आले, आणि कारखान्यात संघटनेची नोंदणी करायची तर तीस टक्के कामगार सभासद दाखवावे लागत. २०१८ मध्ये ही अट वीस टक्क्यांवर आली, तीही हजारो कामगारांच्या कारखान्यात जडच होती. सभासदांची नावे मालकाला कळली की नोकरी गेली, हा अनुभव तर सर्रास. एप्रिल २०१२ मध्ये संघटक अमीनुल इस्लाम बेपत्ता झाले आणि छळाच्या खुणा असलेला त्यांचा मृतदेह टांगाइल जिल्ह्यात सापडला. २०१६ च्या अखेरीस आशुलियात वेतनवाढीसाठी संप झाला तेव्हा शेकडो कामगारांना काढण्यात आले आणि संघटनेचे नेते तुरुंगात गेले. दुसरे कारण अधिक खोल आहे. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार, बहुतेक स्थलांतरित तरुणी, बंद दारामागे जळून आणि उड्या मारून मेले. त्यानंतर तिथे कायदे झाले, पण कपडे कामगारांच्या संघटनेला लौकरच कळले की लहान कारखानदाराशी भांडून भागत नाही, त्याला काम आणि भाव देणारा ठोक व्यापारी मोकळाच सुटतो. म्हणून पुढच्या दशकांत तिने त्या व्यापाऱ्यांनाच करारात ओढले आणि वेतन देता येईल असा भाव कारखानदाराला देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. तिथे व्यापारी आणि कामगार एकाच शहरात होते. आज व्यापारी स्टॉकहोममध्ये, डब्लिनमध्ये किंवा अमेरिकेत असतो आणि बांगलादेशचा कायदा बेनापोलच्या नाक्यापाशी संपतो. सीमा ओलांडणारी जबाबदारी करारानेच बांधता येते, नाहीतर खरेदीदाराच्या स्वतःच्या देशातल्या कायद्याने. फ्रान्सने २०१७ मध्ये असा कायदा केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाचा २०२४ मध्ये मंजूर झाला आणि वर्षही उलटले नाही तोच तो सौम्य करण्याची खटपट सुरू झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता जे झाले नाही त्याकडे. अ‍ॅकॉर्डने इमारत धरली, वेतन धरले नाही. अमेरिकी अभ्यासक मार्क अ‍ॅनर यांनी दाखवले की राणा प्लाझानंतरच्या पाच वर्षांत बांगलादेशातून अमेरिकेला जाणाऱ्या सुती पुरुषी पँटचा भाव सुमारे तेरा टक्क्यांनी घसरला. म्हणजे एकीकडे जिने बांधा आणि दारे बदला असे सांगणारे खरेदीदार दुसरीकडे भाव पाडत होते. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा काही आठवड्यांत तीन अब्ज डॉलरच्या आसपासच्या ऑर्डर रद्द किंवा स्थगित झाल्या, शिवून तयार असलेल्या मालासह, आणि त्याची झळ पगाराविना घरी पाठवलेल्या कामगारांना लागली. जगभरातून ओरड झाल्यावर अनेक कंपन्यांनी पैसे दिले, काहींनी दिले नाहीत. देण्याचे बंधन कोणावरही नव्हते. खुद्द अ‍ॅकॉर्डही २०२० मध्ये ढाक्यात नव्या मंडळाकडे सोपवला गेला आणि त्यात कारखानदारांनाही जागा मिळाली. २०२१ च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय स्वरूपात नवा करार सुरू झाला आणि पुढे तो पाकिस्तानपर्यंत पोचला, ही जमेची बाजू. वेतनाचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी रस्त्यावरच सुटतो. २०१३ मध्ये ५३०० टका, २०१८ मध्ये ८००० टका, आणि प्रत्येक वाढीच्या आगेमागे लाठ्या, अश्रुधूर आणि कामावरून काढणे. २०२३ च्या शरदात संघटनांनी महिना २३,००० टक्यांची मागणी केली. आंदोलनात किमान चार कामगार मेले आणि किमान वेतन १२,५०० टक्यांवर ठरले. तेव्हा काही कंपन्यांनी वाढीला पाठिंबा देणारी पत्रे लिहिली, पण वाढलेल्या वेतनाइतका भाव वाढवून देण्याचे बंधन त्या पत्रांत नव्हते.

पुढच्या लेखांत वाचकाला या उद्योगाची अनेक अंगे भेटतील. त्यातला प्रत्येक उपाय वाचताना वाचकाने दोन गोष्टी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे: त्याखाली खरेदीदाराची सही आहे का, आणि ती मोडली तर कामगाराला कोणाच्या दारी जाता येते. बांगलादेशात इमारतीच्या बाबतीत आज या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे. वेतनाच्या बाबतीत असा बंधनकारक करार तिथे अजून झालेला नाही.